खाडीकडचा मार्ग

बाबा, हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, कारण ते जाणारच नाही. तुला मी जन्मभर अरे-तुरेच केलं, आपल्या घरात तीच रीत होती, आणि आता या वयात 'तुम्ही' लिहायला घेतलं तर दुसऱ्याच कुणाच्या बापाला लिहितेय असं वाटेल. मी आता तुझ्यापेक्षा मोठी झालेय. तू गेलास तेव्हा पंचेचाळिशीचा होतास, मी बावन्न पूर्ण केली. डोंबिवलीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते, आय माझ्याजवळच असते. आणि रविवारी सायकल चालवते. हे वाचून तुला हसू येईल. सायकल म्हणजे तुझ्या लेखी कंपनीत वेळेवर पोचायचं साधन. पन्नाशी उलटलेल्या बाईने डोक्यावर हेल्मेट चढवायचं, साठ किलोमीटर तंगडतोड करायची, वाटेत कुठेतरी मिसळ खायची आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं, हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मंग गेलेलीस कशाला?"

आमचा तीस-पस्तीस जणांचा ग्रुप आहे. बँकेतले, दवाखान्यातले, दोन रिटायर्ड माणसं, बाकी सगळी तरुण पोरंपोरी. मार्ग आखायचं काम माझ्याकडे. कल्याण ओलांडून टिटवाळ्यावरून खडवलीला जायचं, भातसा नदीच्या अलीकडे भातशेतांमधून जो रस्ता जातो तो कुठे सावलीचा आहे, कुठे डंपर येतात, कुठल्या टपरीवाल्याकडे पंप मिळतो, हे सगळं मला पाठ आहे. पडघ्याकडचा चढ, येऊरचा चढ, मलंगगडाच्या पायथ्याचा रस्ता, सगळे मी आधी एकटीने जाऊन बघितलेत. ग्रुपमध्ये मला थोडा मान आहे, आणि थोडी चेष्टाही होते, कारण माझे दोन नियम कडक आहेत. एक म्हणजे मी नेहमी सगळ्यात मागे असते. माझ्या मागे कुणीही राहता कामा नये. आणि दुसरा, घरी पोचल्यावर प्रत्येकाने ग्रुपवर 'पोचलो' असं लिहायचंच. एखाद्याने लिहिलं नाही तर मी फोन करते, एकदा, दोनदा, पाचदा. पोरं म्हणतात, "ताई, आमची आईपण एवढे फोन नाही करत." मी हसण्यावारी नेते. पण शेवटचा 'पोचलो' येईपर्यंत मी जेवायला बसत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलेली नाही. खडवलीच्या रस्त्यावर, सकाळी उन्हं तिरपी असतात तेव्हा, मला पुढच्या वळणावर खाकी शर्ट दिसतो. काळी, उंच, दांड्याची सायकल, कॅरिअरला अडकवलेला डबा. मडगार्डचा तो सैल पत्रा वाजतो, तू कधी दुरुस्त केला नाहीस तो. मी वळणावर पोचते तेव्हा तिथे दूधवाला असतो, नाहीतर कुणीच नसतं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, मुलांना तसा ठेवूही देत नाही. पण मला तू दिसतोस बाबा, आणि दर वेळी पाठमोरा दिसतोस. पस्तीस वर्षांत एकदाही तू मागे वळून बघितलेलं नाहीस. मी पाण्याजवळ थांबत नाही, नदीच्या पुलावर फोटो काढायला सगळे उतरतात तेव्हा मी चाकातली हवा बघत बसते. माझे सगळे मार्ग डोंगराकडे जातात. कोलशेतला, आपल्या गावाला, जाणारा एकही मार्ग मी आखलेला नाही.

तू मला पाणी शिकवलंस. मी सहावीत असेन, स्वयंपाकघरात चुलीच्या वर भिंतीला कॅलेंडर टांगलेलं असायचं, धुराने पिवळं झालेलं. तू सकाळी दात घासत घासत त्यावरची तिथी बघायचास आणि ओरडून सांगायचास, "आज पानी पावणेपाचला." मी विचारलं, तुला कसं कळतं? मग तू मला जमिनीवर कोळशाने मांडून दाखवलंस. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. ही झाली बंदरातली वेळ. आपली खाडी आत, पाण्याला समुद्रातून चढत चढत यायला आणखी तासभर लागतो, म्हणून वर एक तास धरायचा. "हा तास इसरला तो बुडाला," तू म्हणालास, आणि परत गुळण्या करायला गेलास. मी शाळेत दरवर्षी भरती-ओहोटीचा धडा शिकवते. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण, सगळं फळ्यावर काढते. पाऊणपट कधीच सांगत नाही. स्वतः मात्र रोज करते, सवयच लागलीय, दुधाची पिशवी फोडताना माझ्या मनात त्या दिवसाची भरती मांडून झालेली असते.

गावात तुला या बाबतीत फार मान होता. आजोबांची होडी तू विकलीस आणि कंपनीत पंपावर लागलास, तरी होड्या काढणारे लोक सकाळी आपल्या दारावरून जाताना विचारायचे, "काय रं, पानी कवा?" सगळ्यांना गणित येत होतं, तरी विचारायचे. तू सांगितलं की त्यांना बरं वाटायचं. तू कंपनीत खाजणातल्या बांधावरून जायचास, तिवरांच्या कडेकडेने, म्हणजे मोठ्या रस्त्याचा वळसा वाचायचा. मध्येच बांध खाली उतरतो, जिथे पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी आहे, आणि उधाणाला, अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे, तेवढा तुकडा पाण्याखाली जातो. उधाणाच्या दिवसांत तू रस्त्याने जायचास. बाकीच्या दिवशी बांधाने. यात कधी चूक झाली नाही.

चूक माझी झालेली. दहावीनंतर तू मला जुनी लेडीज सायकल आणून दिलीस, स्वतः घासून तिला निळा रंग दिलास, आणि मी माजिवड्याच्या पुढे कॉलेजला जायला लागले. मलाही बांधावरून यायची मुभा होती, पाण्याचा हिशोब करून. एका तृतीयेला मी सव्वादोन मांडले, अडीच वाजता बांधावर आले, म्हटलं भरती होऊन गेली, आता पाणी उतरतंय. वरचा तास धरायला विसरले. पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. उघाडीपाशी मांडीपर्यंत पाण्यातून सायकल खांद्यावर घेऊन घरी आले. तू सायकल आडवी केलीस. माझ्या दोन्ही चाकांचे वॉल्व काढलेस, खिशात टाकलेस, आणि आठवडाभर मला कॉलेजला चालत पाठवलंस. आठव्या दिवशी सकाळी वॉल्व परत बसवताना एवढंच म्हणालास, "बाय, पानी आपल्याला वलखत नाय." मला तुझा फार राग आलेला. अपमान वाटलेला, मैत्रिणींसमोर.

आता तो दिवस. पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, उधाणाची सगळ्यात मोठी भरती. सकाळी निघताना तू विचारलंस, आणि मी म्हटलं, एकच तास आहे कॉलेजला, बाराच्या आत बांधावरून घरी येते. ते खोटं होतं. आम्ही चार मैत्रिणींनी ठाण्यात बाराच्या शोला सिनेमाला जायचं ठरवलेलं. सायकल माजिवड्याला एकीच्या घरी ठेवली आणि गेलो. बाराच्या आत येते हे मी का म्हटलं? दुपारी येते म्हटलं असतं तर तू रस्त्याने ये म्हणाला असतास, आणि रस्त्याने तुझे कंपनीतले मित्र ये-जा करायचे, त्यांनी मला पाहिलं नसतं आणि विचारलं असतं. उशिराचं विचारलंसच तर मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबले म्हणायचं, तेही ठरलेलं. म्हणजे खोटं अगदी नीट विचार करून बोललेलं. सतरा वर्षांच्या मुलीच्या मानाने चांगलंच जमलेलं. दीड वाजून गेला तरी मी आले नाही, तेव्हा तुझ्या मनात काय आलं असेल हे मी लाखदा मांडून बघितलंय. द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. पोरगी परत वरचा तास विसरली, पाणी उतरलं असं समजून आत्ता बांधावर चढली असेल. तू तीनच्या पाळीचा खाकी शर्ट अंगात चढवलास, सायकल घेतलीस आणि मला शोधायला बांधावर गेलास. उघाडीजवळ बांध खचलेला होता. पोहणारा माणूस, पण तिथे पाणी आत ओढतं. ओहोटी लागल्यावर तू तिवरांत सापडलास.

मी साधारण चार वाजता रस्त्याने घरी आले. धक्क्यावर गाव जमलेलं. कुणीतरी मला धरलं, कुणीतरी बाजूला नेलं, आणि सगळीकडे एकच वाक्य चाललेलं, तिथी चुकला, तिथी चुकला. एवढा पाण्यातला माणूस आणि उधाणाचा दिवस विसरून बांधाने कामावर गेला. मी ते ऐकलं आणि गप्प बसले. पहिल्या दिवशी रडण्यात गप्प बसले, तेराव्यापर्यंत पाहुण्यांत गप्प बसले, मग मामा आम्हाला डोंबिवलीला घेऊन आला आणि मग सांगायला गावच उरलं नाही. तू गेलास हे दुःख लोकांनाही कळतं. पण कोळ्याच्या जातीच्या माणसाचं नाव 'तिथी चुकलेला' असं पडावं, आणि ते खोटं आहे हे जगात एकाच माणसाला माहीत असावं, आणि त्या माणसाने तोंड मिटून बसावं, हे मी तुझ्याशी केलं. तू चुकला नव्हतास. तुला वाटलं मी चुकले. आणि मी तर त्या बांधावर नव्हतेच.

हे सगळं असंच माझ्याबरोबर संपलं असतं. पण आमच्या ग्रुपमध्ये कल्याणची एक मुलगी आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, चोवीस-पंचवीसची, तोंडाने फटकळ. ती गेल्या महिन्यात मला म्हणाली, "ताई, तुमचे रूट एक नंबर असतात, पण सगळे डोंगरच का? खाडीचा एकपण नाही. तो नवा मोठागावचा पूल झालाय, तिथून माणकोली, माजिवडा करून डायरेक्ट कोलशेत. मॉर्निंगला काय भारी दिसतं माहितीये?" मी म्हटलं, ट्रक असतात. ती म्हणाली, "रविवारी सहाला कुठले ट्रक? तुम्ही घाबरता का पाण्याला?" सगळे हसले. मीही हसले आणि बरं जाऊ म्हटलं. घरी येऊन कॅलेंडर बघितलं आणि मुद्दाम अष्टमीचा रविवार निवडला. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी जेमतेम चढतं आणि बांधापर्यंत पोचतही नाही.

आम्ही बारा जण गेलो. पुलावरून खाडी ओलांडली, दोन्ही बाजूंना तिवरं, पाण्यावर बगळे, आणि मी मागे, समोरच्याच्या चाकावर नजर लावून. आपलं कोलशेत तुला ओळखू येणार नाही. तुझी कंपनी नाही, तिच्या जागी तीस मजली टॉवर आहेत. बांधाच्या अर्ध्या भागावर फरशी घातलीय, बाकं आहेत, लोक कुत्रे फिरवतात. फरशी संपते तिथून पुढे मात्र तोच मातीचा बांध, तीच तिवरं, तोच वास. मी सायकलवरून उतरले. पोरं पुढे जायला निघाली तेव्हा धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याने हाक मारली. मी त्याला ओळखलं. आपल्या मागच्या आळीतला, तुझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान. त्याने मला ओळखलं नाही, हेल्मेट होतं, गॉगल होता, तोंडावर फडकं होतं.

"पोरांनो, लय आत जाव नका," तो म्हणाला. "आज भांग हाय म्हनून ठीक. उधानाला हितं पानी कवा चढंल, कलनार नाय."

लॅबवाली मुलगी सायकल टेकवून उभी राहिली. "काका, कुणी गेलंय का इथे?"

"गेलाय ना. आमचे गावचाच व्हता, कंपनीत पंपावर. सगले गावाला पानी सांगायचा. नि येक दिस सोताच तिथी चुकला." त्याने सुतळी दाताने तोडली. "शाना व्हता. पन घमेंड व्हती ना. मना सगलं ठाव हाय, पानी माजं काय करनार. त्यानंच गेला. आमी पोरांना आजून सांगतो त्याचा."

"बापरे," मुलगी म्हणाली. "ओव्हरकॉन्फिडन्स."

घमेंड. हा शब्द आमच्या वेळी नव्हता बाबा. पस्तीस वर्षांत तो वरून जोडला गेलाय. तिथी चुकला एवढ्यावर थांबलेलं नाही, आता तू घमेंडीत गेलेला माणूस आहेस, लहान पोरांना दाखवायचा नमुना. आणि तो म्हातारा वाईट माणूस नाही, त्याने तुला खांदा दिलेला मला आठवतो. मी तोंडावरचं फडकं खाली केलं. एवढंच म्हणायचं होतं, तो माणूस माझा बाप होता आणि तो चुकला नव्हता. दोन वाक्यं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चला, निघूया, ऊन वाढेल." आणि परत येताना, पुलापर्यंत, तू माझ्या पुढे होतास. माझ्या पुढे अकरा जण, आणि त्यांच्याही पुढे तू, खाकी शर्टाची पाठ, पत्र्याचा आवाज. मी आयुष्यात प्रथमच मागची जागा सोडून पुढे गेले, सगळ्यांना ओलांडून, जीव खाऊन पायडल मारत. तिथे कुणी नव्हतं. मुलगी मागून ओरडत होती, "ताई, अहो काय झालं?"

घरी आले तेव्हा आय ओट्यापाशी खुर्ची घेऊन बोंबील साफ करत बसलेली. तिला आता ऐंशी होत आली, हात थरथरतात, पण बोंबील दुसऱ्याला साफ करू देत नाही. मी हात धुतले नाहीत, बूट काढले नाहीत, तशीच तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. सिनेमा, माजिवड्याला ठेवलेली सायकल, बाराच्या आत येते म्हटलेलं. म्हाताऱ्याचं बोलणंही सांगितलं, घमेंडीसकट. मला वाटलं ती बोंबील टाकून रडेल, किंवा मला मारेल. तिने हातातला बोंबील साफ केला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, काय ठाऊक आहे?

"त्यो जाताना मना सांगून गेला, बाय बांधावर आसंल, बगून येतो. नि तू आलीस ती रस्त्यानं, सायकलचं चाक सुकं. केसांत गजरा. तू कॉलेजात गजरा घालून जात नव्हतीस." तिने सुरी पाण्यात बुडवून पुसली. "तिथी चुकला, ह्ये पयलं मीच बोल्ली. धक्क्यावं. लोक इचारायला लागली, त्यो बांधावं कशाला गेला, कुनाला बगाया गेला. नि तू समोरनं येत व्हतीस. मी मोठ्यानं बोल्ली, तिथी चुकला माजा नवरा. मंग कोन इचारतंय."

मी म्हटलं, आये, तू त्याचं नाव घालवलंस.

"घालवलं," ती म्हणाली. "नायतर बोल्ले असते, पोरीनं बापाला खाल्लान. तू सतरा वर्षांची. त्यो तर गेला व्हता. त्याला काय व्हनार व्हतं? आनि त्याला मी इचारलं आसतं ना, तरी त्यो ह्येच बोल्ला आसता."

तू हेच म्हणाला असतास का बाबा? हे मी तुला विचारते आहे, खरंखुरं विचारते आहे, आणि उत्तर येणार नाही हे माहीत असूनही रात्रंदिवस विचारते आहे. तुम्ही दोघांनी मिळून मला वाचवलं, एकाने जीव देऊन आणि एकीने त्याची अब्रू देऊन, आणि मला पस्तीस वर्षं वाटत राहिलं की हे गुपित माझं एकटीचं आहे. आयने एकदाही मला टोचलं नाही. माझं लग्न लावलं, बाळंतपणं केली, नातवंडांना न्हाऊ-माखू घातलं, आणि दर वर्षी तुझ्या तिथीला पान वाढताना ती काय गिळत होती ते मला कळलं नाही. मला वाटायचं ती रडत नाही म्हणजे ती विसरली. मी किती मूर्ख आहे.

मी तिला म्हटलं, मी कोलशेतला जाऊन सांगते, त्या म्हाताऱ्याला, सगळ्या गावाला. ती घाबरली. तिने माझं मनगट धरलं, ओल्या, माशाचा वास येणाऱ्या हाताने, आणि म्हणाली, "मी हाय तवर नको. मी खोटं बोल्ली, ह्ये मी हाय तवर नको सांगूस, मी गेली की मंग..."

उद्या कधी कळलं तरी लोकांना वाटेल मी आईसाठी गप्प राहिले. तुला तरी खरं सांगते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी हो म्हणून टाकलं.